कोळशापासून समुद्री वाऱ्यापर्यंत: डाँगची ऑर्स्टेड होताना खर्च कुठे सरकला

डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: एक तेल-वायू-कोळसा कंपनी होती, तिने ठरवलं, आणि दहा वर्षांत ती समुद्रातल्या पवनऊर्जेत जगातली सर्वांत मोठी झाली. यात चुकीचं काही नाही, पण मुख्य गोष्ट सुटते. इंधन बदललं हे दिसतं. खर्चाची वेळ बदलली हे दिसत नाही. कोळशाच्या वीजकेंद्रात पैसा महिन्या-महिन्याला जळतो. ४०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचा तर चांगल्या प्रतीचा तीन हजार टनांच्या वर कोळसा लागतो. विजेला मागणी नसेल तर संच बंद ठेवता येतो, कोळसा वाचतो. समुद्रातल्या पवनचक्कीचं तसं नाही. तिथे पहिलं युनिट विकलं जाण्याआधीच जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो. कंपनीचं यश आणि तिची आजची दुखणी, दोन्ही या एका फरकातून निघाली आहेत असं माझं मत आहे.

कंपनीचं मूळ तेल-वायूत आहे. १९७२ साली डॅनिश सरकारने उत्तर समुद्रातल्या वायूच्या व्यवहारासाठी ती काढली. पुढे 'डान्स्क ओली ओ नातुरगास' या नावाच्या आद्याक्षरांवरून ती डाँग म्हणून ओळखली जाऊ लागली. २००६ साली तिच्यात एल्साम, एनर्गी ई२, नेसा या वीजकंपन्या आणि कोपनहेगन व फ्रेडरिक्सबर्ग इथले वीजव्यवसाय मिसळले आणि डाँग एनर्जी उभी राहिली. या विलीनीकरणात कोळशाची मोठी वीजकेंद्रं आली, आणि त्यांच्यासोबत समुद्रात पवनचक्क्या उभारणारी माणसंही आली. जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प विंडेबी १९९१ साली लोलांड बेटाजवळ उथळ पाण्यात उभा राहिला होता: ४५० किलोवॅटची ११ टर्बाइन, एकूण जेमतेम ५ मेगावॅट. २००२ साली एल्सामने हॉर्न्स रेव्ह इथे २ मेगावॅटची ८० टर्बाइन खुल्या उत्तर समुद्रात उभी केली. म्हणजे २००६ मध्ये डाँगच्या हाती जे कौशल्य होतं ते त्या वेळी फार थोड्या कंपन्यांकडे होतं. नंतरच्या निर्णयाची हिंमत कौतुकास्पद आहेच, पण तो निर्णय हवेत घेतलेला नव्हता.

आणि तो लगेच घेतलेलाही नव्हता. २००६ साली कंपनी वर्षाला ६२ लाख टन कोळसा जाळत होती. जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावर लुबमिन इथे १,६०० मेगावॅटचं नवं कोळसा वीजकेंद्र बांधायची तिची तयारी चालली होती. स्थानिकांचा विरोध वाढला, परवानग्या अडकल्या, आणि २००९च्या अखेरीस तिने तो प्रकल्प सोडला. त्याच सुमारास तेव्हाचे मुख्याधिकारी अँडर्स एल्ड्रूप यांनी ८५/१५ हे उद्दिष्ट मांडलं: त्या वेळी ८५ टक्के वीज आणि उष्णता जीवाश्म इंधनांतून येत होती, ते प्रमाण २०४० पर्यंत उलटं करायचं. प्रत्यक्षात २०१९ मध्येच हा आकडा ८६ टक्के नवीकरणीय झाला.

या ८६ टक्क्यांत सगळा वारा नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितलंच पाहिजे. डेन्मार्कमधली वीजकेंद्रं विजेसोबत शहराला गरम पाणीही पुरवतात. आऱ्हूससारख्या शहरात घरं उबदार ठेवणारं पाणी वीजकेंद्रातून नळांनी येतं. तेव्हा कोळसा बंद करायचा तर हिवाळ्यातली उष्णता दुसरीकडून आणावी लागते. कंपनीने अवेडोर, स्टुडस्ट्रुप, स्केअरबेक, अस्नेस अशी केंद्रं लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर (पेलेट) किंवा लाकडी चिपांवर वळवली. हे काम भट्टीत दुसरं इंधन टाकण्याइतकं सोपं नाही. कोळशाचा ढीग पावसात उघड्यावर राहू शकतो. लाकडी गोळ्या भिजल्या की फुगून भुगा होतात, म्हणून सायलो, म्हणजे बंद कोठारं, लागतात. एका टन गोळ्यांत कोळशाच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते, म्हणून तेवढ्याच कामासाठी जास्त माल हलवावा लागतो. दळणाऱ्या गिरण्या आणि बर्नर बदलावे लागतात. लाकडाची धूळ स्फोटक असते, आणि साठ्यात आतल्या आत तापून तो धुमसू शकतो. स्टुडस्ट्रुपच्या सायलोत २०२२ साली अशी आग लागली, ती विझवायला फार काळ लागला, आणि नेमक्या ऊर्जासंकटाच्या हिवाळ्यात तो संच हाताशी राहिला नाही. लाकूड जाळणं हवामानासाठी कितपत बरं यावर वाद आहेच. तोडलेलं झाड परत वाढायला दशकं जातात, त्यामुळे तो वाद पोकळ नाही. कंपनीच्या कामगिरीचं मोजमाप करताना वारा आणि लाकूड हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत.

शेवटचं कोळशाचं केंद्र एस्बिअरचं. ते ठरल्याप्रमाणे २०२३ मध्ये बंद व्हायचं होतं, पण युक्रेन युद्धानंतर डॅनिश सरकारने काही जुने संच तयार ठेवायला लावले. अखेर ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ते थांबलं. याच एस्बिअर बंदरातून वर्षानुवर्षं उत्तर समुद्रातल्या पवनप्रकल्पांसाठी टर्बाइन रवाना होत आली आहेत.

आता वाऱ्याकडे येऊ. २००९ साली डाँगने सीमेन्सला ३.६ मेगावॅटच्या ५०० पर्यंत टर्बाइनची ऑर्डर दिली. त्या वेळी एवढ्या टर्बाइनसाठी सगळ्या जागांच्या परवानग्याही हातात नव्हत्या. त्याच वर्षी टर्बाइन उभारणारी जहाजं चालवणारी ए२सी ही कंपनीही विकत घेतली. मला हा सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो, कारण इथे कंपनीने प्रकल्प एकेक करून बांधण्याऐवजी माल तयार करण्याच्या पद्धतीने विचार केला. एकच टर्बाइन, एकाच प्रकारचा पाया, तेच जहाज, तेच पथक, एकामागून एक समुद्र. पहिल्या प्रकल्पात एक टर्बाइन उभं करायला जे दिवस लागतात ते शंभराव्यापर्यंत बरेच खाली येतात. जहाजाचं भाडं दिवसावर असतं, म्हणून प्रत्येक वाचलेला दिवस थेट खर्चातून वजा होतो.

२०१२ साली मात्र कंपनी बुडते की काय अशी वेळ आली, आणि तीही वाऱ्यामुळे नव्हे. वायूची दीर्घ मुदतीची खरेदी तेलाच्या भावाशी बांधलेली होती, तर बाजारात वायू त्याहून स्वस्त विकला जात होता. वायूवर चालणारी वीजकेंद्रं तोट्यात गेली. पतमानांकन घसरलं. लेगो आणि टीडीसी या दूरसंचार कंपनीमध्ये काम केलेले हेन्रिक पॉल्सेन मुख्याधिकारी म्हणून आले. त्यांनी पसारा आवरला, मुख्य नसलेले धंदे विकायला काढले. २०१४ मध्ये गोल्डमन सॅक्सने ८ अब्ज क्रोनर (डेन्मार्कचं चलन) घालून सुमारे १८ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा डेन्मार्कमध्ये एवढा गदारोळ झाला की एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. २०१६ मध्ये समभाग कोपनहेगनच्या बाजारात आले. २०१७ मध्ये तेल-वायू उत्पादनाचा सगळा धंदा इनिऑस या रसायन कंपनीला विकला, आणि १८२० साली विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे दाखवणारे शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियान ऑर्स्टेड यांचं नाव कंपनीने घेतलं. सरकारचा हिस्सा ५० टक्क्यांच्या थोडा वरच ठेवलेला आहे.

या काळात पैसा उभा करायची जी पद्धत बसली ती समजून घेण्यासारखी आहे. प्रकल्प कंपनीने स्वतः आखायचा, बांधायची जोखीम स्वतः घ्यायची, आणि त्याचा अर्धा हिस्सा पेन्शन फंडासारख्या गुंतवणूकदाराला विकायचा. उदाहरणार्थ, ४०० मेगावॅटच्या अनहोल्ट प्रकल्पाचा निम्मा हिस्सा २०११ मध्ये डेन्मार्कच्या दोन पेन्शन फंडांनी घेतला. फंडाला पंचवीस वर्षांचं ठरावीक उत्पन्न हवं असतं, कंपनीला पुढच्या प्रकल्पासाठी आज रोख हवी असते. हे चाक फिरत राहिलं तोवर कंपनी आपल्या ताळेबंदाच्या मानाने कितीतरी जास्त बांधू शकली. चाक फिरायला दोन गोष्टी लागतात: स्वस्त पैसा आणि हिस्सा घ्यायला उत्सुक खरेदीदार.

दर किती उतरले? २०१२ मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की २०२० पर्यंत समुद्री विजेचा खर्च मेगावॅट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) १०० युरोवर आणू. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या बोर्सेले १ आणि २ या जागा तिने ७२.७० युरोला जिंकल्या. एप्रिल २०१७ मध्ये जर्मनीत तिच्या तीनपैकी दोन बोली शून्य अनुदानाच्या होत्या. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना लोक एक गोष्ट विसरतात. नेदरलँड्स आणि जर्मनीत समुद्रातलं उपकेंद्र आणि किनाऱ्यापर्यंतची केबल ग्रिडची कंपनी टाकते, तो खर्च बोलीत नसतो. ब्रिटनमध्ये तो विकासकाला आधी स्वतः करावा लागतो. त्यामुळे देशोदेशींच्या बोली थेट ताडून पाहिल्या की चुकीचाच निष्कर्ष निघतो.

दर उतरायचं सर्वांत मोठं कारण टर्बाइनचा आकार. १,००० मेगावॅटसाठी ३.६ मेगावॅटची २७८ टर्बाइन लागतात, ११ मेगावॅटची ९१ पुरतात. पाया मोठा करावा लागतो, पण पायांची संख्या, केबलची टोकं, जहाजाच्या हालचाली आणि पुढे पंचवीस वर्षं दुरुस्तीला चढायच्या शिड्या, सगळंच एक तृतीयांशावर येतं.

पण एकच नमुना शेकडो वेळा वापरायचा म्हटलं की चूकही तेवढ्याच वेळा होते. याची उदाहरणं या धंद्यात भरपूर आहेत, आणि त्यातलं केबलचं प्रकरण मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं, म्हणून ते सविस्तर लिहितो.

समुद्रातल्या टर्बाइनचा पाया बहुतेक वेळा मोनोपाइल असतो, म्हणजे वाळूत ठोकलेला प्रचंड पोलादी नळा. कंपनीच्या ब्रिटनजवळच्या हॉर्नसी १ प्रकल्पात हे नळे सुमारे ८ मीटर व्यासाचे आणि सुमारे ८०० टनांचे आहेत. असा नळा उभा केला की भरती-ओहोटीचा प्रवाह त्याला वळसा घालून वेगाने जातो आणि बुडाशी असलेली वाळू उकरतो. साधा ठोकताळा असा की खड्डा व्यासाच्या १.३ पटीपर्यंत खोल जाऊ शकतो, म्हणजे ८ मीटरच्या नळ्याभोवती दहा मीटरचा खड्डा. तेवढी वाळू गेली की नळ्याची पकड कमी होते, त्याच्या कंपनाची वारंवारता बदलते, आणि पोलाद लवकर थकतं. म्हणून आधी लहान खडीचा एक थर पसरतात, त्यावर मोठे दगड घालतात. खालची खडी वाळूला वर येऊ देत नाही, वरचे दगड खडीला धरून ठेवतात.

आता केबल. टर्बाइनकडून टर्बाइनकडे जाणारी केबल समुद्रतळात एक-दोन मीटर पुरलेली असते. पण नळ्याजवळ येताना तिला वर यावं लागतं, दगडांच्या थरावरून जावं लागतं आणि नळ्याच्या भोकातून आत शिरावं लागतं. या दहा-वीस मीटरच्या टप्प्यात ती पुरलेली नसते. तिच्यावर मणक्यासारखी जोडलेली कठीण प्लास्टिकची किंवा ओतीव लोखंडाची नळी चढवतात. ही नळी केबलला जास्त वाकू देत नाही आणि दगडांपासून वाचवते. मात्र ती स्वतः दगडांवर मोकळी असेल तर प्रवाहाने थोडी थोडी सरकते. दिवसातून चार वेळा प्रवाहाची दिशा फिरते. वर्षभर दगडाच्या धारेवर तेच घासणं चालू राहतं. आधी नळी झिजते, मग केबलचं वेष्टण, मग केबलचं चिलखत, आणि शेवटी बिघाड होतो.

पूर्वी केबल ओढून घेतल्यावर या टप्प्यावर पुन्हा दगडांचा एक थर टाकायची पद्धत होती. तो वरचा थर वगळला की प्रत्येक ठिकाणची एक जहाजफेरी वाचते. २०२१ मध्ये ऑर्स्टेडने जाहीर केलं की तिच्या १० पर्यंत प्रकल्पांमध्ये ही नळी दगडावर घासून झिजण्याचा धोका आहे, आणि तपासणी-दुरुस्तीला सुमारे ३ अब्ज क्रोनर लागतील. उपाय म्हणजे दूरनियंत्रित यंत्राने कॅमेरा खाली पाठवून प्रत्येक टोक पाहायचं, नळी हलत असेल तर तिच्यावर दगडांच्या पिशव्या किंवा दगड टाकून ती जागीच घट्ट करायची, आणि केबलला इजा झाली असेल तर तो तुकडा बदलायचा. केबल बदलायची म्हणजे त्या मालेतली टर्बाइन बंद, केबल टाकणारं जहाज भाड्याने, आणि शांत समुद्राची वाट. दगडाच्या एका थराची बचत अशी वसूल होते.

याआधीचं हॉर्न्स रेव्हचं प्रकरणही याच जातीचं. टर्बाइनच्या डोक्यातल्या ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रांत दोष निघाले आणि २००४ मध्ये ८० च्या ८० डोकी उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणावी लागली. जमिनीवर वापरलेली यंत्रणा खाऱ्या, दमट, सतत हलणाऱ्या जागी टिकेल असं गृहीत धरलं गेलं होतं. २००९-१० च्या सुमारास आणखी एक दोष उत्तर समुद्रातल्या अनेक कंपन्यांच्या शेकडो पायांत सापडला. मोनोपाइल आणि त्यावरचा पिवळा जोडतुकडा यांच्यामधल्या फटीत खास काँक्रीटचा लगदा भरून सांधा करत असत. दोन्ही नळे सरळ असल्यामुळे टर्बाइनच्या डुलण्याने तो सांधा सुटत गेला आणि वरचा तुकडा हळूहळू खाली घसरायला लागला. त्यानंतर सांध्याला शंकूचा उतार देण्यात आला, आणि पुढे मोठ्या बोल्टांचा जोड रूढ झाला. बोल्टांचाही त्रास आहेच: ते ठरावीक ताणावर आवळलेले आहेत का हे पुन्हापुन्हा तपासावं लागतं.

पात्यांची कडा हा चौथा विषय. मोठ्या पात्याचं टोक सेकंदाला ८० ते ९० मीटर वेगाने फिरतं, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर. त्या वेगात पावसाचा थेंब आणि हवेतलं मीठ पात्याच्या पुढच्या कडेवरचा लेप उडवतात. कडा खडबडीत झाली की हवेचा प्रवाह आधीच सुटतो आणि वीज कमी मिळते. फार दुर्लक्ष केलं तर आतली काचतंतूंची रचना उघडी पडते. अनहोल्टच्या बहुतेक टर्बाइनची पाती अवघ्या पाच वर्षांत दुरुस्तीला काढावी लागली होती. आता कडेवर कारखान्यातच जाड संरक्षक थर चढवतात आणि काही ठिकाणी जोरदार पावसात टर्बाइनचा वेग मुद्दाम कमी करतात.

सगळेच दोष लोखंड-दगडाचे नसतात. ९ ऑगस्ट २०१९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या पश्चिमेला एका पारेषण वाहिनीवर वीज कोसळली. वाहिनी क्षणात पूर्ववत झाली, पण हॉर्नसी १ च्या नियंत्रणप्रणालीला व्होल्टेजचा तो हिसका पेलला नाही. व्होल्टेज सावरण्याच्या प्रयत्नात प्रणाली स्वतःच झोके घेऊ लागली आणि संरक्षक यंत्रणेने टर्बाइन तोडली. ७९९ मेगावॅटचे ६२ मेगावॅट झाले. त्याच वेळी लिटल बारफर्डचं वायूकेंद्र आणि लहान लहान वितरित जनित्रंही बाहेर पडली, वारंवारता ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप कापली गेली. हॉर्नसी किनाऱ्यापासून १२० किलोमीटर दूर आहे. इतकी लांब प्रत्यावर्ती (एसी) केबल स्वतःच मोठ्या धारित्रासारखी (कपॅसिटरसारखी) वागते, म्हणून वाटेत समुद्रातच एक वेगळं भरपाई केंद्र उभारावं लागलं होतं. अशा नाजूक जोडणीवर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर किती काटेकोर बसवायला हवं हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्येच झाली. कंपनीने ४५ लाख पौंड भरले. कोळशाच्या केंद्रात फिरणाऱ्या जडशीळ रोटरचं जे बळ ग्रिडला आपसूक मिळतं, ते इथे प्रणाली लिहून द्यावं लागतं.

आता पैशाच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण २०२३ नंतर कंपनीला फटका बसला तो तिथे. एक सोपा हिशेब मांडू. समजा १,००० मेगावॅटचा प्रकल्प ३०० कोटी युरोत उभा राहिला, आणि त्यातून सरासरी ४५ टक्के क्षमतेने वर्षाला ३९.४ लाख मेगावॅट-तास वीज मिळते. हे भांडवल ४ टक्क्यांनी २५ वर्षांत फेडायचं तर वर्षाचा हप्ता १९.२ कोटी युरो येतो, म्हणजे मेगावॅट-तासाला सुमारे ४९ युरो. दर ७ टक्के झाला की हप्ता २५.७ कोटी आणि मेगावॅट-तासाला ६५ युरो. टर्बाइन तीच, वारा तोच, आणि वीज एक तृतीयांशाने महाग. गृहकर्ज घेतलेल्या कुणालाही हे गणित नवं नाही. फरक एवढाच की इथे विजेचा दर आधीच लिलावात बांधून दिलेला असतो आणि खर्चाच्या ऑर्डरी नंतर निघतात.

या मधल्या दोन-तीन वर्षांतच अमेरिकेत घात झाला. ऑर्स्टेडने २०१८ मध्ये डीपवॉटर विंड ही कंपनी ५१ कोटी डॉलरला घेऊन तिथे पाय रोवले होते. न्यू जर्सीतल्या ओशन विंड १ आणि २ या मिळून सुमारे २,२५० मेगावॅटच्या प्रकल्पांचे दर २०१९ आणि २०२१ मध्ये ठरले. मग पोलाद महागलं, व्याज वाढलं, पुरवठादारांना उशीर झाला. शिवाय अमेरिकी कायद्यानुसार दोन अमेरिकी ठिकाणांमध्ये माल नेणारं जहाज अमेरिकेतच बांधलेलं असावं लागतं, आणि समुद्रातली उभारणीची जागाही त्यात धरली जाते. टर्बाइन उभारणारी मोठी जहाजं युरोप-आशियातली. त्यामुळे परदेशी जहाज जागेवर उभं ठेवायचं आणि सुटे भाग अमेरिकी बार्जवरून आणायचे, अशी दुहेरी कसरत करावी लागते. हलत्या बार्जवरून शेकडो टनांचा भाग उचलायला समुद्र जास्त शांत लागतो, म्हणजे पुन्हा दिवस वाढतात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कंपनीने दोन्ही प्रकल्प सोडले आणि त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत २८.४ अब्ज क्रोनरची मालमत्ता हिशेबातून कमी केली.

मे २०२५ मध्ये ब्रिटनमधला २,४०० मेगावॅटचा हॉर्नसी ४ तिने लिलाव जिंकूनही थांबवला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या ८० टक्के पूर्ण झालेल्या रिव्होल्यूशन विंड या प्रकल्पाचं काम रोखलं. ६५ पैकी ४५ टर्बाइन तेव्हा उभी होती. महिन्याने न्यायालयाने ती बंदी उठवली. हिस्से विकून पैसा फिरवायचं चाक अडल्यावर कंपनीला भागधारकांकडून ६० अब्ज क्रोनर नव्याने उभे करावे लागले. यावरून समुद्री वारा फसला असा अर्थ काढणारे घाई करत आहेत. उभे राहिलेले प्रकल्प वीज देत आहेत आणि त्या विजेला इंधनाचा खर्च नाही. फसला तो अंदाज, की आज बांधून दिलेल्या दरात चार वर्षांनंतरचा खर्च बसेल. किंमत महागाईशी जोडलेली असणं, आणि टर्बाइन-जहाजांचे करार पक्के झाल्यावरच अंतिम गुंतवणुकीचा निर्णय घेणं, हे दोन नियम पाळले असते तर नुकसान बरंच कमी झालं असतं असं मला वाटतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की मुंबई हायचं उदाहरण दिलं जातं: ओएनजीसी पन्नास वर्षं समुद्रात काम करते, मग पवनचक्क्या तिला जड का जाव्यात? काही गोष्टी खरोखरच कामी येतात. समुद्रतळाची पाहणी, पोलादी जाळीचे पाये, गंजरोधन, पुरवठा जहाजं, समुद्रावर काम करणाऱ्यांची सुरक्षा, आणि पावसाळ्यात बांधकाम थांबवून ऑक्टोबर ते मे या काळात वेळापत्रक बसवण्याची सवय, हे सगळं तयार आहे. पण तेलाची रिग एका विहिरीवर महिनोन्महिने उभी राहते. समुद्रतळावर पाय टेकून उभं राहणारं टर्बाइनचं जहाज एक-दोन दिवसांत काम उरकून पाय वर घेतं आणि पुढच्या जागी जातं. त्याचे पाय आणि उचलण्याची यंत्रणा शेकडो वेळा वर-खाली होण्यासाठी बनवलेली असते, आणि क्रेन दीडशे मीटर उंचीवर काम करते. आपल्या रिग यासाठी उपयोगी नाहीत. तेलाचा प्लॅटफॉर्म प्रत्येक वेगळा, टर्बाइन सगळी सारखी. तेलात एका यशस्वी विहिरीचा नफा दहा कोरड्या विहिरी झाकतो; वाऱ्यात तसा नफा कधीच नसतो, म्हणून टक्क्या-दोन टक्क्यांची चूकही परवडत नाही.

जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची मदत मंजूर केली. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. मला या योजनेत सगळ्यांत आधी तेच काम झालेलं पाहायचं आहे. आठशे टनांचा नळा, सत्तर-ऐंशी मीटरचं पातं आणि जहाजाचे पाय टेकतील असा तळ यांना साधा मालधक्का पुरत नाही. धक्क्याची जमीन चौरस मीटरला किती टन पेलते, पाती वळवायला रस्ता आहे का, आणि पावसाळ्याचे चार महिने तयार सुटे भाग ठेवायला किती एकर मोकळी जागा मिळते, हे आकडे निविदेच्या आधी जाहीर झाले तर बोली लावणाऱ्याला किंमत नीट काढता येईल. ते नसतील तर तो ती अनिश्चितता दरात धरेल, आणि ती ग्राहकाच्या बिलात येईल.